अडुसष्ट सांध्यांची यादी

उजवा खुबा सगळ्यात शेवटी घ्यायचा, ही व्यायाम करून घेणाऱ्या सॅमदादाची रीत होती. आधी बोटांची पेरं, मग मनगटं, कोपर, घोटे, गुडघे आणि मग तो.

"कारलं शेवटी वाढणारी खानावळ आहे आपली," असं म्हणत त्याने कस्तुरीची टाच एका हातात घेतली, दुसरा हात गुडघ्याखाली घातला. "चाळीस वेळा. आज शेवटचे चाळीस, बाईसाहेब. एक."

कस्तुरीने ओठ घट्ट मिटले. खुब्यात कुणी काचांचा चुरा भरून तो घुसळत असल्यासारखं वाटत होतं. तिने नजर छताच्या पांढऱ्या जाळीवर ठेवली आणि नाकाने श्वास घेतला. संसर्ग नको म्हणून आईला काचेपलीकडे बसवलं होतं. खोलीतला प्रत्येक आवाज तिकडच्या स्पीकरवर ऐकू जायचा.

"किती दुखतंय?" सॅमदादाने विचारलं.

कस्तुरीने दोन बोटं वर केली. दहापैकी दोन. एकवीस दिवस तिचं उत्तर तेच होतं.

"कित्ती शहाणी पोर," स्पीकरवर नर्सचा आवाज आला. त्यामागून आईचा: "लहानपणापासून तशीच आहे. कधी म्हणून त्रास नाही दिला."

मार्चमध्ये, नववीच्या विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी, कस्तुरी मगदूम अंथरुणातून उठू शकली नव्हती. रात्री ती स्वतःच्या पायांनी झोपायला गेली होती. सकाळी दोन्ही खुबे, गुडघे, मनगटं बंद. बालसंधिवात तिला सातव्या वर्षापासून होता, पण इतकी वर्षं तो एकेक खोली बळकावत आला होता. त्या एका रात्रीत त्याने सगळं घर ताब्यात घेतलं. आईने तिला पाठुंगळीला घेऊन जिना उतरवला, तो थेट मिरजेच्या या केंद्रात.

पहिल्याच दिवशी डॉक्टर यास्मिन मुजावरांनी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. आईला बाजूला घेऊन बोलणं त्यांना मान्य नव्हतं. "माझ्या पेशंटच्या पाठीमागे मी कुजबुजत नाही," त्या म्हणाल्या होत्या.

"तुझ्या रक्तातल्या रक्षक पेशी तुझ्याच सांध्यांना शत्रू समजतात. शिकलेलं त्या विसरत नाहीत. म्हणून त्या काढून टाकायच्या आणि तुझ्याच अस्थिमज्जेतून नव्या वाढवून सोडायच्या. याला आम्ही पुनर्परिचय म्हणतो. नव्या पेशी एकवीस दिवस कोवळ्या असतात. त्या दिवसांत रक्तात त्यांना जे भेटेल ते घरचं. त्यानंतर जे पहिल्यांदा भेटेल ते परकं."

"मग सोपं आहे की," आई म्हणाली होती.

"सांधे अवघड आहेत. त्यांच्यातली प्रथिनं आतच कोंडलेली असतात. सांधा जोराने हलला तरच ती थोडी रक्तात पाझरतात. न हललेला सांधा पेशींना भेटतच नाही. आणि पुढे कधी भेटला, तर या तरण्या पेशी त्याच्यावर जुन्यांपेक्षा वाईट तुटून पडतील. म्हणून अडुसष्ट सांध्यांची यादी आहे. रोज प्रत्येक सांधा चाळीस वेळा."

"सुजलेले सांधे? भूल देऊन?"

"भूल आणि वेदनाशामकं या पेशींना गुंगवतात. देता येत नाहीत. हिच्या आधी अकरा मुलांवर हा उपचार झाला. अकराही आज चालतात."

आईने कस्तुरीचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "सांगून ठेवते डॉक्टर, ही एकदा जरी कळवळली ना, तर मी हिला उचलून घरी नेईन."

हे बोलणं पोकळ नव्हतं, हे कस्तुरीला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात तिचा डावा कोपर पट्ट्यांनी ताणून बांधला होता. चौथ्या दिवशी ती रडली आणि त्याच संध्याकाळी आईने पट्ट्या सोडवून तिला घरी आणलं. कोपर वाकडा राहिला तो राहिलाच. म्हणून या वेळी तिने ठरवलं, रडायचं नाही. दुसऱ्या दिवशी "पाणी" म्हणतानाच तिचा आवाज कापला आणि काचेपलीकडे आई ताडकन उभी राहिली. तेव्हापासून तिने बोलणंच सोडलं. हवं ते बोटाने दाखवायचं, नाहीतर मानेने.

"चाळीस!" सॅमदादाने पाय अलगद खाली ठेवला. "वाजले दोन. चारला एकवीस दिवस पुरे. संपलं आपलं भांडण."

डॉक्टर मुजावर काचेपलीकडे आईशेजारी आल्या तेव्हा त्यांच्या हातात रक्ताचा आलेख होता. अडुसष्ट रेषा, प्रत्येक सांध्याची वेगळी, सगळ्या हव्या तेवढ्या उंच. आईने पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत.

"काय झालं मॅडम?" सॅमदादाने विचारलं.

"फार स्वच्छ आहे."

"मग पेढे वाटा की."

"अकराच्या अकरा मुलांच्या आलेखात उजव्या टोकाला एक लहान उंचवटा होता. कुठल्याच सांध्याशी जुळत नव्हता. आम्ही त्याला गाळ म्हणून सोडून दिलं, यंत्राचा दोष समजून. हिच्यात तो नाही. यंत्र तेच आहे, रसायनं तीच आहेत. मग या वेळी वेगळं काय होतं?"

"वेगळं म्हणाल तर माझे कान शाबूत राहिले. ती अकरा पोरं काय बोंबलायची! तो इस्लामपूरचा तर मला रोज माझ्या सात पिढ्यांसकट..." सॅमदादा डॉक्टरांचा चेहरा बघून थांबला.

"ही किती बोलली?"

"ही? दुसऱ्या दिवसापासून एक शब्द नाही."

डॉक्टरांनी हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "कंठात दोन सांधे असतात, मसुराच्या दाण्याएवढे. आवाज काढताना स्वरतंतू त्यांच्यावर ताणले जातात. यादीत ते नाहीत, कारण आमची यादी बाहेरून तपासता येतात त्या सांध्यांची आहे."

"श्वास घेताना हलत असतीलच ना?"

"हलतात, पण जोर नसतो. पाझर होत नाही. अकरा मुलं ओरडली, म्हणून आमची चूक आम्हाला कधी दिसलीच नाही."

कस्तुरीने हात वर केला. तिचा प्रश्न डॉक्टरांना न बोलता कळला.

"ते सांधे आवळले, तर स्वरतंतू मिटल्या दारासारखे अडकतात," त्या म्हणाल्या. "आणि श्वास त्याच दारातून जातो."

किती वेळात, हे कस्तुरीने विचारलं नाही. एका रात्रीत काय होऊ शकतं ते तिला ठाऊक होतं.

तिने तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा दोऱ्याएवढा एक "आ" निघाला. दंडातल्या नळीतून रक्त सतत यंत्राकडे जात होतं. दहा मिनिटं सगळे पडद्याकडे बघत राहिले. उजवं टोक सपाट.

"पुटपुटून भागणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जोर हवा. ओरड."

"मला शिव्या घाल," सॅमदादा म्हणाला. "येत नसतील तर शिकवतो. तुझ्या आईनं कानावर हात ठेवावेत." त्याने खुबाही पुन्हा घुसळला. कस्तुरीचे डोळे भरून आले, पण ओठ आपोआप मिटले. तिला ते उघडायचे होते आणि उघडत नव्हते. सात वर्षांची सवय होती ती. तीन वाजले. तीन वाजून दहा मिनिटं झाली.

काचेपलीकडे आईने नर्सच्या हातून माइक घेतला.

"कस्तुरी, किती दुखतंय?"

दोन बोटं वर गेली.

"बोटं नकोत. तोंडानं सांग. आणि खरं सांग."

"नऊ," कस्तुरी म्हणाली. खरखरीत, परका आवाज.

तिला जशी भीती होती, तसाच आईचा चेहरा झाला. पण आई उठली नाही. "आजच?"

"रोज."

"आणि घरी? घरी मला दोनच सांगायचीस ना?"

"घरी पण सात असायचं. आठ असायचं."

"सात वर्षं मला खोटं सांगितलंस?" आईचा आवाज चढला. मुद्दाम नव्हे, ती खरंच चिडली होती. "मी काय परकी होते? रात्र-रात्र शेजारी झोपत होते मी तुझ्या!"

"तू जेवायची नाहीस!" कस्तुरी म्हणाली. "मी पाच म्हटलं की ताट सारायचीस! मग मी तुझ्याकडे बघायचं की माझ्याकडे?"

"म्हणून खोटं?"

"मग काय करू? खरं बोललं की तू सगळं बंद करतेस! पट्ट्या कुणी सोडवल्या माझ्या?"

"तू रडत होतीस!"

"रडत होते! नको म्हणत नव्हते!" आता ती ओरडत होती. मान उशीवरून उचलली गेली होती, शिरा ताणल्या होत्या. "रडणं वेगळं, नको म्हणणं वेगळं! मला विचारलंस का तू? माझा हात वाकडा राहिला तो तुझ्यामुळे!"

सॅमदादा खाली बघू लागला. आई पांढरीफटक पडली होती. तिने माइक दोन्ही हातांनी धरला.

"थांबू नका," डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "वर येतोय. आत्ता कुठे दिसायला लागलाय."

आईने गाल पुसले नाहीत. "आणखी?" तिने विचारलं.

कस्तुरी बघत राहिली.

"आणखी काय? बोल. मोठ्यानं."

मग कस्तुरी बोलली. आठवीतल्या सहलीबद्दल, जिला आईने परस्पर नकार कळवला होता. सातवीत आई शाळेत येऊन बाईंसमोर रडली होती, त्याबद्दल. पाहुण्यांना "बिचारी" म्हणू दिलं, त्याबद्दल. मागे मागे जात, आवाज फुटत, मध्येच खोकत, पुन्हा ओरडत. प्रत्येक वेळी ती थांबली की स्पीकरमधून तेवढंच यायचं, "आणखी?" साडेतीनला उंचवटा अर्धा झाला. पावणेचारला डॉक्टरांनी अकरा जुने आलेख शेजारी मांडले आणि एकेक ताडून पाहायला सुरुवात केली.

चारला दोन मिनिटं असताना त्या खुर्चीत बसल्या. बाराव्या आलेखाचं उजवं टोक बाकीच्या अकरांएवढं होतं.

"भेट झाली," त्या म्हणाल्या. "बाळ, आता गप्प राहिलीस तरी चालेल."

सॅमदादाने पाण्याचा पेला पुढे केला. कस्तुरीने एक घोट घेतला आणि पेला परत दिला.

"थांब सॅमदादा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अजून चौथीतलं राहिलंय."

आईने खुर्ची काचेच्या आणखी जवळ ओढली.