बॅप्टिस्टचं अर्धं गाणं

फोन जरा अडकला की लोक त्याला शिव्या घालतात, आणि मला लोकांचा राग येतो. मी जन्मभर संगणक दुरुस्त केले. आता निवृत्त होऊन विरारला मनवेलपाड्यात राहतो, पण पहिल्या पिढीच्या यंत्रांपुढे आजही मनातल्या मनात हात जोडतो. खोलीभर पसरलेल्या, व्हॉल्व्हच्या उष्णतेनं तापणाऱ्या त्या यंत्रांनी तोफगोळ्यांचे मार्ग काढले, जनगणनेचे आकडे जुळवले, हवामानाची गणितं सोडवली. पुढच्या यंत्रांची स्मृती तर मोहरीएवढ्या चुंबकी कड्यांची, हातानं तारेत ओवलेली. वीज गेली तरी कडी आपलं 'होय' किंवा 'नाही' धरून ठेवायची. खोड एकच. वाचलं की पुसलं जायचं, म्हणून वाचलेलं लगेच पुन्हा लिहावं लागायचं.

अशा कड्या ओवलेली एक पाटी पाचूबंदरला मर्लिनच्या घरी निघाली. मर्लिन माझ्या हाताखाली काम केलेली. तिचे वडील बॅप्टिस्ट मुंबईच्या एका संशोधन संस्थेत अशाच यंत्रावर होते. काम कुठे अडकलं ते कानाला कळावं म्हणून यंत्राला स्पीकर जोडलेला असे, आणि फावल्या वेळात ही मंडळी त्यावर गाणी वाजवत. बॅप्टिस्टनी आपल्या लग्नातलं गाणं पाटीवर चढवून ठेवलं होतं.

"मम्मी मला विसरत चाललीय, सर," मर्लिन म्हणाली. "परवा विचारते, बाय, तू कोनाची? हे ऐकून थोडी तरी परत आली तर बघू."

खाऱ्या हवेनं पाटीच्या डब्याचे स्क्रूसुद्धा खाल्ले होते. पाटीची तार मात्र काल ओवल्यासारखी लखलखत होती. असेल चांगलं वार्निश, असं म्हणून मी वाचणारं आणि पुन्हा लिहिणारं सर्किट बनवलं, स्पीकर जोडला. गाणं वाजलं, पण प्रत्येक ओळीनंतर शांतता. अर्ध्या कड्या मेल्या, असं मी मर्लिनला कळवून टाकलं.

ती हसली. "मेल्या कशाला? आमच्या लग्नात दोन्हीकडची माणसं समोरासमोर गातात, सर. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. पप्पांनी आपली बाजू घातली. मम्मीची जागा सोडली."

मी वरमलो. एवढा मोठा जाणकार मी, आणि माणसाच्या वाट्याची जागा मला बिघाड वाटली!

दुपारी त्यांच्या घरी यंत्र मांडलं. बाहेर बोंबील वाळत होते, त्यांचा वास खोलीभर होता. मर्लिनची आई, इनेझमावशी, भिंतीकडे बघत बसल्या होत्या. पिपाणीसारखा बारीक सूर निघाला. पहिली ओळ संपली आणि त्या शांततेत मावशी घोगऱ्या आवाजात गाऊ लागल्या.

यंत्रानं दुसरी ओळ टाकली. मावशींनी उत्तर दिलं आणि वळून पाहिलं.

"मर्लिन! किती बारीक झाली गो तू."

मर्लिन ओक्साबोक्शी रडली. माझेही डोळे भरून आले. त्या कड्या ओवणाऱ्या हातांना मी मनापासून नमस्कार केला.

तिसऱ्या ओळीनंतर मावशींना खोकला आला. मर्लिननं पाणी दिलं. त्या सावकाश प्यायल्या, श्वास घेतला, मग गायल्या.

यंत्र तोवर थांबलं होतं.

शांततेची लांबी पाटीवर ठरलेली असते. ती वाढत नाही. पाटीला कान नसतात. मी जोडण्या तपासल्या. सगळं ठीक होतं.

मावशींचा शेवटचा स्वर विरला, आणि नेमकी तेव्हाच चौथी ओळ आली.

गाणं संपलं.

"पुन्हा लावा ना, सर," मर्लिन म्हणाली.

लावलं.

पहिली ओळ झाली. नंतरची जागा रिकामी नव्हती. तिथे दुसरा सूर उत्तर देत होता, जरा घोगरा. तिसऱ्या ओळीनंतर तो अडखळला, घोटभर पाणी पिण्याइतका थांबला, मग पुढे गेला.

ते मी लिहिलं नव्हतं.

मावशी गात नव्हत्या. नुसत्या ऐकत होत्या. मर्लिननं त्यांचा हात धरला. "मम्मी, गा ना."

मावशींनी हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि परक्याच्या घरी बसल्यासारखं हळूच विचारलं, "लगीन कोनाचं हाय गो, बाय?"