राखीव नाव

तो दुकानात शिरला तेव्हा त्याचा चेहरा दिसतच नव्हता. हातात छोट्या-छोट्या एप्रनांचा एवढा ढीग होता की त्यावरून फक्त विस्कटलेले केस तेवढे दिसत होते. दारातल्या पायपुसण्यात त्याचा पाय अडकला, ढीग कलला, आणि सगळे एप्रन मशीनवर बसलेल्या तिच्या मांडीत येऊन पडले.

"माफ करा हं... अगदी मनापासून माफ करा," तो म्हणाला. "मी बालवर्गाचा मास्तर. ह्यांच्यावर मुलांची नावं भरून हवी आहेत."

दुकान तिच्या मावशीचं. दुपटी, टॉवेल, दप्तरं, काहीही आणा, त्यावर रंगीत दोऱ्यानं नाव भरून मिळायचं. गिऱ्हाईक सांभाळायची मावशी, मशीन चालवायची ती.

"एकच अडचण आहे," मास्तर म्हणाला. "वर्गात चार मुलींचं नाव एकच आहे. हाक मारली की चौघी धावत येतात. नाहीतर चौघीही येत नाहीत."

"थांबा, नाव सांगू नका," ती पटकन बोलून गेली. "मुली चार-पाच वर्षांच्या असतील ना?" आणि तिनं ते नाव सांगून टाकलं.

मास्तर बघतच राहिला. "तुम्हाला कसं कळलं?"

"त्या वर्षी ती मालिका लागायची. नायिकेचं नाव हेच. पुढे दुकानात येईल त्या दुपट्यावर हेच नाव! नायिकेच्या सासूचं नाव मात्र तेव्हापासून जे गेलं, ते आजतागायत परत आलेलं नाही."

तो खळखळून हसला. तीही हसली, आणि दुसऱ्याच क्षणी जीभ चावून तिनं मान खाली घातली. बोलायचं नाही असं ठरवलेलं असताना ती बोलली होती.

त्याचं कारण असं. तिला बाळांच्या नावांचं वेड होतं. कुणाला गाणी आवडतात, कुणाला झाडं, तशी हिला नावं. कुठलं नाव सध्या जोरात आहे, कुठलं हळूच मागे पडतंय, तिला बरोबर कळायचं. नाव आजीचं असतं तोवर जुनाट वाटतं, पणजीचं झालं की एकदम गोड वाटायला लागतं, हा तिचा लाडका सिद्धांत. पण मागे एका ओळखीतल्या मुलाशी लग्नाचं बोलणं चाललं होतं, तेव्हा तिनं भाबडेपणानं त्याला हे वेड सांगितलं. तो फिदीफिदी हसला. "अजून आपलं धड ठरलं नाही, आणि तुझी बाळांची नावं तयार?" ते लग्न मोडलं ते मोडलंच, वर ती गोष्ट नातेवाइकांत मीठमसाला लावून फिरली. बाळ, लग्न, घाई... तसलं काही तिच्या मनातही नव्हतं हो! तिला नावं आवडायची, बस्स. पण हे कुणाला पटवणार? तेव्हापासून तिनं तोंडाला कुलूप लावलं होतं. आपल्याला ह्या वेडासकट कुणी आपलं म्हणेल, ही आशा तिनं घडी घालून ठेवून दिली होती.

आणि हा मास्तर मात्र स्टूल ओढून समोर बसला होता. "मग आणखी सांगा ना," म्हणत होता.

चौघींच्या नावाखाली तिनं चार वेगवेगळी चित्रं भरली. छत्री, मांजर, होडी आणि भोपळा. एप्रन न्यायला आला तेव्हा तो म्हणाला, "भोपळेवाली फारच खूश होणार आहे. तुमचे आभार कसे मानू?"

"त्यात काय, हे तर आमचं कामच आहे."

"नाव भरणं तुमचं काम. त्या चौघींचा एवढा विचार करणं... ते काही कामात धरलेलं नव्हतं."

एवढंच बोलून तो गेला. तिनं मात्र त्या संध्याकाळी लाल दोऱ्याच्या जागी केशरी लावून एका टॉवेलाची पार वाट लावली.

मग मास्तर येतच राहिला. आधी वर्गातल्या उशांचे अभ्रे, मग हात पुसायचे रुमाल, मग पडदे. "आता खडूंवर नावं घालायची तेवढी राहिली," मावशी एकदा गिऱ्हाइकांसमोरच म्हणाली. मास्तर कानापर्यंत लाल झाला, पण येणं काही थांबलं नाही. आता तर त्याला पक्कं निमित्तही मिळालं होतं. त्याच्या बहिणीला दिवस गेले होते, आणि ती नि तिचा नवरा नावावरून हमरीतुमरीवर आले होते.

"तिला लांबलचक भारदस्त नाव हवंय, भाऊजींना दोन अक्षरांत आटपायचंय," तो स्टुलावर बसत म्हणायचा. "बोला नाववाली, काय करायचं?"

नाववाली! हे नाव त्यानंच ठेवलं होतं. दुसरं कुणी म्हणालं असतं तर तिला झोंबलं असतं. त्याच्या तोंडून ऐकताना मात्र हातातलं रीळ उगाचच दोनदा गुंडाळलं जायचं.

"भारदस्त नाव ठेवलं तरी घरात त्याचं दोन अक्षरीच होतं," ती सांगायची. "मग भांडण कशाला? दोघांचंही खरं."

"तुम्ही वकील व्हायला हवं होतं."

"आणि तुम्ही?"

"मी? मी... बरा आहे इथे, स्टुलावर."

बाहेर बारीक पाऊस लागलेला असायचा, आत इस्त्रीची वाफ आणि नव्या कापडाचा वास. मशीनची सुई टकटकत असायची, आणि हे दोघं जगातल्या न जन्मलेल्या पोरांची नावं ठेवत बसायचे. तो तिला हसायचा नाही. हसायचा तो तिच्याबरोबर. हा फरक काय असतो, ते ज्याला कुणी एकदा हसलेलं असतं त्यालाच कळतं. रात्री उशीवर डोकं टेकताना ती कुणाचे तरी मनोमन आभार मानायची. कुणाचे, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. बहुतेक त्या दारातल्या पायपुसण्याचे.

"सगळ्यांना नावं सुचवता," एकदा त्यानं विचारलं. "तुमचं स्वतःचं लाडकं नाव कुठलं?"

तिनं सुईत उगाचच नवा दोरा ओवायला घेतला. नाववेड्या लोकांचा एक गट तिच्या फोनवर होता. तिथे वाटेल त्या नावावर वाटेल तेवढी चर्चा चाले, पण प्रत्येकाचं एक राखीव नाव असे. कुणालाही न सांगितलेलं, स्वतःसाठी जपलेलं. ते विचारायचं नाही, असा तिथला दंडक. आणि ते आपण होऊन एकाच माणसाला सांगायचं. ज्याच्याबरोबर ते वापरायची इच्छा आहे, त्याला.

"ते... ते असं सांगत नसतात," ती म्हणाली.

"मलासुद्धा?"

काय होतं त्या 'मलासुद्धा'मध्ये कुणास ठाऊक! तिनं मशीन बंद केलं. दुकान एकदम शांत झालं. बोटांत दोरा गुंडाळत, त्याच्याकडे न बघता, तिनं ते नाव सांगितलं.

कुठलं, ते वाचकहो मी सांगणार नाही. राखीव नावं अशी चव्हाट्यावर मांडायची नसतात. तीन अक्षरांचं होतं, आणि गुणगुणणं संपताना ओठ मिटतात तसं संपत होतं, एवढंच सांगतो.

त्यानं ते हळूच पुन्हा उच्चारलं. तिच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ते फक्त तिच्या मनात होतं... दुसऱ्या कुणाच्या आवाजात ते तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"किती सुंदर आहे!" तो उठून उभा राहिला. डोळे चमकत होते. तो आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बहिणीला दवाखान्यात नेलं होतं. "येतो हं! आणि... खूप खूप आभार!" म्हणत तो पावसात धावत सुटला. छत्री दाराशीच राहिली.

पुढचे काही दिवस ती तरंगत होती. मावशीनं दोनदा हाक मारली तरी ओ नाही. तो येईल, आणि मग तो बोलेल...

तो आला. न झोपलेला, दाढी वाढलेली, आणि आनंदानं नुसता फुललेला.

"मुलगी झाली! मामा झालो मी! दुपटं हवंय, सगळ्यात मऊ. आणि नाव..." त्यानं नाव सांगितलं.

तेच. तीन अक्षरांचं.

"अहो, इतके महिने भांडत होते दोघं. मी हे नाव सांगितलं आणि दोघंही गप्प! ताईच्या तर डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही जादूगार आहात अगदी!"

तिच्या हातातली कात्री हातातच राहिली. म्हणजे ह्यानं ते बहिणीसाठी सुचवलेलं नाव म्हणून ऐकलं होतं! इतक्या दिवसांतल्या शंभर नावांतलं आणखी एक!

"रंग कुठला?" तिनं विचारलं.

"तुम्हाला... बरं नाही का?"

"रंग कुठला, मास्तर?"

"पिवळा," तो चाचरत म्हणाला. तिच्या चेहऱ्याकडे बघत तो मागे-मागे सरकत दारापर्यंत गेला, आणि छत्री न घेताच निघून गेला.

तिनं ते दुपटं भरलं. मशीनवर नाही, हातानं. मावशी समोर येऊन बसली तेव्हा मात्र धीर सुटला आणि सगळं बाहेर आलं.

"एवढंच ना? मग सांग की त्याला," मावशी म्हणाली.

"काय सांगू? माझं नाव परत द्या म्हणू?" तिनं डोळे पुसले. "दुपटं मीच नेऊन देते. निदान बघते तरी, कुणाकडे गेलंय ते."

बहिणीनं दार उघडलं ते जांभई देतच. तिला पाहताच म्हणाली, "तू नाववाली ना? ये ये! ह्यानं तुझ्याबद्दल सांगून-सांगून आमचे कान किटवलेत." आणि पाळण्याशी नेता-नेता तिनं तिचा हात धरला. "बाळ आल्यावरही आमचं भांडण मिटेना. पोरीला नुसतं 'बाळ, बाळ' म्हणत होतो. मग तुझं नाव आलं, आणि वाटलं, ही तीच तर आहे! कसे आभार मानू गं तुझे?"

ती पाळण्यावर वाकली. मुठी वळून एक इवलासा जीव झोपला होता. तिनं अगदी हळू आवाजात ते नाव घेतलं. बाळानं डोळे किलकिले केले, ओठांचा चंबू केला आणि पुन्हा झोपलं.

झालं. तिचा सगळा राग तिथल्या तिथे वितळला. इतकी वर्षं ते नाव तिनं कपाटातल्या नव्या कपड्यासारखं जपून ठेवलं होतं, आणि आज ते कुणीतरी घातलं होतं. किती छान बसलं होतं! त्या नावाला आता चेहरा होता, नाक होतं, चंबू होता. तिला एकदम भरून आलं. आपलं काहीतरी हरवलंय असं वाटून ती आली होती, आणि ते सापडल्यासारखी परत निघाली.

दुकानात मास्तर स्टुलावर बसला होता. चेहरा उतरलेला. मावशी कपाटाकडे तोंड करून मुद्दाम घड्या घालत होती, म्हणजे तिचं सगळं सांगून झालं होतं.

"मी ताईला सांगतो," तो उठत म्हणाला. "दुसरं नाव ठेवा म्हणतो. आत्ताच्या आत्ता."

"खबरदार! ते नाव तिचं आहे. मी बघून आले."

"मला कळलंच नाही..."

"काय कळलं नाही?"

"की तुम्ही मला... काहीतरी विचारलं होतं." त्यानं मान वर केली. "नावांबद्दल ऐकायला म्हणून मी इथे कधी येतच नव्हतो. तुम्ही नावांबद्दल बोलताना कशा दिसता, ते बघायला यायचो. सहा वर्षांच्या पोराच्याही ते लक्षात आलं असतं, पण मी पडलो मास्तर!"

ती हसू दाबत होती, डोळे मात्र ऐकेनात. "पण आता माझ्याकडे राखीव नाव उरलं नाही."

त्यानं फळीवरचं एक पांढरं दुपटं काढून तिच्यासमोर पसरलं. "ह्याचा कोपरा मोकळा ठेवायचा. घाई काहीच नाही. आधी आपण भांडू. ताई-भाऊजींसारखं, महिनोन्‌महिने. मला आयुष्यभर तुझ्याशीच भांडायचंय, नाववाली. चालेल?"

'तुझ्याशी' म्हणाला तो. तिनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"आणि नाव सापडलं की?"

"कुणालाही सांगायचं नाही."

"बहिणीला?"

"बहिणीला तर मुळीच नाही!"

आता ती मोकळेपणानं हसली. मावशीनं वळून पाहिलं. तिचेही डोळे ओले होते, पण आवाज खास दुकानातला काढून तिनं विचारलं, "मग काय मास्तर, दुपटं बांधून देऊ का?"

"नको मावशी," उत्तर दिलं ते तिनंच. "राहू दे इथेच. आम्ही दोघं येऊन नेऊ."