वजा पाच गोणी

"पप्पांशी मी बोलते. तुम्ही दोघं गप्प बसा," असं बजावून सुनेत्रा अंबरनाथ एमआयडीसीतल्या कारखान्याच्या ऑफिसात शिरली. मागून तिचा आतेभाऊ बाळा आणि मोरिवलीचा सदू.

सदू तसाही गप्पच होता. परवा त्याची कालवड, चंद्री, गावामागच्या नाल्याचं पाणी पिऊन मेली. "तूच न्हेलीस तिला थयं. तूच मारलीस," असं त्याचे वडील, आण्णा, रागाच्या भरात बोलून गेले. तेव्हापासून पोरगं धड जेवलं नव्हतं. पण नाल्यावर गावची गुरं रोजच जायची. मग पाणी आत्ताच कसं बिघडलं? त्याचा छडा लावायचा, असं तिघांनी ठरवलं होतं.

नाल्यात या कारखान्याचंच पाणी जाई आणि सुनेत्राचे पप्पा, श्यामकांत, इथले ऑफिसर होते.

"चुना घालून ॲसिड मारल्याशिवाय आपलं पाणी बाहेर जातच नाही," ते म्हणाले. "किती गोणी घालायच्या, ते कॉम्प्युटर सांगतो. मशीन चुकत नाही, सुनू."

मोठ्या माणसांचा मशीनवर भारी विश्वास, कारण ते उलटून बोलत नाही.

"काका, कॉम्प्युटर जरा बघू? मी कधी जवळून बघितलाच नाही," बाळा म्हणाला. वेड पांघरून पेडगावला जाण्यात उल्हासनगर कॅम्प दोनचा हा पोरगा पटाईत होता. श्यामकांत हसून चहाला गेले.

सुनेत्रानं सुटीतल्या कॉम्प्युटर क्लासात जे शिकलं होतं ते आठवलं. एका चौकोनात पाण्याचा आकडा होता, शेजारच्या चौकोनात गोण्यांचा.

"शून्य टाक ना," बाळा म्हणाला. "देखते हैं, कितना हुशार आहे."

तिनं पाण्याच्या जागी शून्य टाकलं. गोण्यांच्या चौकोनात उमटलं, वजा पाच.

"पाणीच नाही, तर चुना वजा पाच? ये क्या चीज है?"

सुनेत्रानं गोण्यांच्या चौकोनावर कर्सर नेला. चौकोनात नुसतं उत्तर दिसतं, पण पडद्याच्या वरच्या ओळीत अख्खं सूत्र येतं. तिथं होतं, पाणी गुणिले दोन, वजा पाच.

तिनं पप्पांना हाक मारली. ते आले आणि त्यांनी सूत्र वाचलं.

"शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीआधी माणसांनी टाकीत पाच गोणी जादा ओतल्या होत्या. म्हणून शनिवारी मी सूत्रालाच वजा पाच जोडलं. त्या एका दिवसापुरतं."

"आणि काढायचं राहिलं," सुनेत्रा म्हणाली. तिला रडू येत होतं. रोज चुना कमी पडत होता आणि ॲसिड तसंच नाल्यात जात होतं.

श्यामकांतांनी लगेच नाल्यात जाणारं पाणी बंद करवलं. मग मोरिवलीला जाऊन आण्णांसमोर आपली चूक कबूल केली. "या मुलांमुळे बाकीची गुरं वाचली," ते म्हणाले. जमलेल्या लोकांनी तिघांची पाठ थोपटली.

आण्णांनी सदूला जवळ ओढलं. "मी बोल्लो ते खोटं, पोरा. तू नाय मारलीस."

"पन ती पानी पीत नव्हती, आण्णा," सदू म्हणाला. "वास घेऊन मागं सरत व्हती. मीच तिला ढकलली."

सदू आण्णांच्या सदऱ्यात तोंड खुपसून रडत राहिला आणि त्याला कुणी गप्प केलं नाही.