तिलाच बोलू द्या

१९९१च्या मे महिन्यात आम्ही पनवेलला लाइन आळीत राहत होतो. मी बँकेत नोकरी करायचो आणि दिवाळी अंकांसाठी कथा लिहायचो. त्या वर्षीची कथा बेलपाड्याच्या शांतीची होती. नवरा गेलेली, खाडीत चिंबोऱ्या धरून पोट भरणारी बाई. शेवटी भरतीच्या पाण्यात ती बुडणार, हे मी मनाशी ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

रमाने, माझ्या बायकोने, पहिली पानं वाचली आणि बाजूला ठेवली.

"अहो, तुम्ही हिला लांबून बघताय. 'ती उठली, ती रडली.' तिलाच बोलू द्या की."

रविवारी दुपारी रमा बाजारात गेली. पाच वर्षांची ऋचा स्वयंपाकघरात गार फरशीवर झोपली होती. बाहेरच्या खोलीत मी 'ती' खोडून 'मी' लिहिलं आणि शांती भराभर बोलू लागली. कालवांच्या धारदार शिंपांनी ओरखडलेल्या पोटऱ्या, चिखलाने जड झालेलं लुगडं, टोपलीतल्या खेकड्यांची खरखर... मला हे कुठून सुचत होतं कळेना. हात थांबत नव्हता. मग गोष्टीत कुठेच न बसणारं एक वाक्य कागदावर उतरलं.

'सायेब, लिवायचं ऱ्हाऊ द्या. पोरीला बघा.'

मी धावलो. दारातच गॅसचा उग्र वास आला. शेगडीची नळी फाटली होती. आधी सिलिंडर बंद केला.

रमा दिवसभर तेवत ठेवायची ती देव्हाऱ्यातली समई विझलेली होती. वातीतून अजून धूर निघत होता. मला कधीच उघडता न आलेली घट्ट खिडकी सताड उघडी होती आणि तिच्याखाली ऋचा बसली होती.

"खिडकी कुणी उघडली गं?"

"मावशीने. दिवापण तिनेच विझवला." ऋचाने डोळे चोळले. "बाबा, ती म्हणाली, तिला पोहता येत नाही."

मी लेकीला छातीशी धरून रडलो.

रमाला फक्त नळीचं सांगितलं. संध्याकाळी कथा पुरी केली. भरती आली, पण शांती काठाला लागली. थकलेली, जिवंत. हे उपकार दुसऱ्या कशाने फेडायचे, मला ठाऊक नव्हतं. मी कागदाला हात जोडले.

"बाई, माझं लेकरू दिलंस."

दार वाजलं.

रमाने उघडलं. "कुणीच नाही," ती म्हणाली.

तरी ती बाजूला सरली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी.