मनकवड्याची परीक्षा

चांद्रवसाहतीच्या प्रयोगशाळेत तीन पडदे मांडले होते आणि तिसऱ्या पडद्यापाशी डॉ. मृदुला टिल्लू उभ्या होत्या. वसाहतीसाठी एकच न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, निवडायचा होता. त्यांनी घडवलेला 'मनकवडा' नापास झाला, तर प्रयोगशाळेला टाळं लागून तिथे बटाटे साठवले जाणार होते.

परीक्षक होते निवड समितीचे अध्यक्ष डॉ. खासनीस. कोणालाही तोंडावर 'नाही' न म्हणता ते इतक्या उंचीवर, अगदी चंद्रापर्यंत, पोचले होते.

पहिल्या न्याहाळकाने पान उघडेपर्यंत त्यांचा चहा पिऊन झाला. दुसरा चपळ होता, पण पानोपानी "आपली संमती आहे का?" विचारून त्याने जीव नकोसा केला.

"आता आमचा," मृदुलाबाई म्हणाल्या. "ही शिरोपट्टी बांधा, सर. आपण काय ठरवलं हे आपल्याला कळण्याच्या क्षणभर आधीच मेंदूत ते ठरलेलं असतं. पट्टी ते टिपते आणि मनकवडा पान उघडून मोकळा होतो."

"म्हणजे लागणारा वेळ शून्याच्याही खाली?"

"अगदी!"

मंगळाचं हवामान बघावं असं डॉ. खासनीसांना वाटायच्या आत ते पडद्यावर होतं. "वा, टिल्लूबाई! फारच छान. कळवतो हं."

मृदुलाबाईंचा चेहरा पडला. मुलगी बघायला आलेले लोक 'कळवतो' म्हणून उठले की पुढे काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तेवढ्यात पडद्यावर नकारपत्राचा मसुदा उघडला.

"मी असं कुठे म्हटलं?" डॉ. खासनीस गोरेमोरे झाले.

"म्हटलं नाहीत, ठरवलंत." मृदुलाबाईंना रडू येत होतं, पण आता रागही आला. "करा खुशाल नापास. म्हणजे त्याने तुमचं मन अचूक ओळखलं, हेच सिद्ध होईल."

"मग पास करतो!"

"मग त्याने चुकीचं पान उघडलं असं ठरेल. चुकणारा न्याहाळक पास कसा करणार?"

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! डॉ. खासनीसांना घाम फुटला. पट्टी काढायला त्यांनी हात वर नेला, पण मुरलेल्या अध्यक्षाच्या मेंदूने तोवर वाट शोधलेली होती. पडद्यावर नवं पान आलं: 'मनकवडा फेरतपासणी उपसमिती'. प्रमुखपदी त्यांचे जावई. अहवाल येईपर्यंत प्रयोगशाळा चालू ठेवावी, असंही खाली लिहिलं होतं.

मृदुलाबाईंना एकदम हायसं वाटलं. वसाहतीत आजवर एकाही उपसमितीचा अहवाल आलेला नव्हता. निवृत्तीपर्यंत आता काळजी नव्हती.