रिकाम्या पेटीतला हात

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. विज्ञान शिकलेली मुलगी आहे मी, भुताखेतांच्या गोष्टींना हसणारी. म्हणजे, हसायचे.

मंगळवारची दुपार होती. प्रयोगशाळेतली, तिसऱ्या मजल्यावरची आमची बिनखिडक्यांची खोली.

तिथे लहान फ्रिजएवढी एक काळी पेटी आहे. आत ट्रे, वर कॅमेरा. आमच्या प्रयोगाच्या उंदरांच्या अंगात कॅन्सरची गाठ असते आणि तिच्या पेशींत काजव्याचा जीन घातलेला असतो. काजव्यातलंच एक रसायन टोचलं की ती गाठ अंधारात उजळते. रसायन नसेल तर उजेड नाही. पेशी मेलेली असेल, तरीही नाही.

हे मला ताईने शिकवलं. ताई म्हणजे माझी सीनियर. उंदीर ठेवण्याआधी ट्रे गरम झालाय का, हे ती तळहात टेकवून बघायची.

"आपण पांघरूण ओढून घेतो. त्यांना कोण देणार?" म्हणायची.

तिची उजवी करंगळी अर्धीच होती. लहानपणी दारात चेंगरलेली.

तिला अपघात झाला होता. तेव्हापासून ती हॉस्पिटलमध्ये बेशुद्ध होती. श्वास मशीनवर. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मशीन काढायचं की नाही, हे तिच्या भावाने, दादांनी, त्या दुपारी डॉक्टरांना सांगायचं होतं.

घरी बसवेना, म्हणून मी कामावर आले.

उंदीर ठेवण्याआधी रिकाम्या पेटीचा एक फोटो घेतात. पाच मिनिटं दार बंद. फोटो काळा यायला हवा.

आला नाही.

ट्रेवर मंद उजेड होता... पाच बोटांचा.

करंगळी... अर्धी.

मी ट्रे स्पिरिटने पुसला. पुन्हा फोटो घेतला.

हात तिथेच.

दादांना फोन लावला. "दादा, थांबा. ताई अजून आहे."

"आहेच ना. समोर झोपली आहे."

"तसं नाही. इथे पेटीत तिचा हात दिसतोय. मेलेलं काही उजळत नाही, दादा."

"अगं, तुमच्या पेटीतला डाग बघून मी डॉक्टरांना काय सांगू?" मग हळू आवाजात, "अजून एकदा बघ. दिसला तर सगळं थांबवतो. फोन ठेवू नकोस."

मी दार लावलं. पंख्याची घरघर... फोनमध्ये त्यांचा श्वास...

फोटो काळा आला.

"काही नाही," मी म्हणाले. "डागच असेल."

"बरं."

संध्याकाळी ताई गेली.

काही दिवसांनी दादा तिचं सामान न्यायला आले. जाताना दारात थांबले.

"तू फोटो घेत होतीस ना, तेव्हा तिने माझा हात धरला होता. घट्ट. डॉक्टर म्हणाले, असे झटके येतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हणालीस ना, काही नाही. म्हटलं, तुमची पेटी कशाला खोटं बोलेल."

मी त्यांना सांगितलं नाही... की हात परत आलाय.

रोज सकाळी, रिकाम्या पेटीत. आधी तो तळहात टेकून असायचा. आता उताणा असतो. बोटं अर्धवट मिटलेली... कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

काम चालूच आहे. फक्त, ट्रे गरम झालाय का, हे मी आता हात लावून बघत नाही.