तागाची वीण

पुएब्ला शहरातल्या चित्रकारांच्या त्या छापखान्यात खोटे चेहरे कोरायचे नाहीत, असा रिवाज होता. संपाचं भित्तिपत्रक काढायचं तर गिरणीतली खरी माणसं कोरायची. रस्त्याने जाताना त्यांना भिंतीवर स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे. रिवाज चांगला होता. फक्त भिंती पोलिसही बघत होते.

पहिलं पत्रक लागलं आणि त्यातली माणसं नाहीशी होऊ लागली. आधी पिंजणखात्यातला एल्पिदिओ, मग रंगखात्यातले दोघे भाऊ. शेजारी सांगायचे ते सारखंच: बिननंबरचा ट्रक, डोक्यावर चढवलेलं गोणपाट.

दुसरं पत्रक अजून लागायचं होतं. त्याचा ठसा ओदिलियाने लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर कोरला होता. मधोमध, हातात कंदील घेतलेला, तिचा धाकटा भाऊ फिदेन्सिओ होता.

"ताई, मला काढ त्यातून," तो म्हणाला. "मी देखणा आहे हे गिरणीतल्या पोरींना कळलं तेवढं पुरे."

तिने त्याचा चेहरा कोरणीने काढून टाकला. कोरलेल्या खळग्यात शाई पोचत नाही. तिथे कागद पांढरा राहतो. एकदा काढलेलं परत बसवता येत नाही.

नमुन्याचा कागद निघाला, तर कंदिलाच्या वर फिदेन्सिओ होता तसाच.

ओदिलियाची नजर नाबोरकडे गेली. तो यंत्र चालवायचा, छापखान्याची किल्ली त्याच्याकडे असायची, आणि हल्ली त्याच्या पायात नवे बूट होते.

"ठसा बदललात का, नाबोरकाका?"

"तुझ्यासारखं कोरता आलं असतं तर इथे चाक फिरवत बसलो असतो का, पोरी?"

"बूट कुठून आले?"

"जावयाने दिले." तो हसला नाही. "विचार, विचार. सध्या सगळेच सगळ्यांना विचारतायत."

तिने ठसा ओढला आणि त्याच्यादेखत पुन्हा कोरायला घेतला. तपकिरी साल निघत गेली आणि खाली तागाचं कापड उघडं पडलं. लिनोलियमच्या पाठीला ते असतंच. बोटाला खरखरीत लागलं. याहून खोल जायला जागा नव्हती.

यंत्रावर आता तिचा भरवसा नव्हता. शाईचा रूळ तिनेच फिरवला, कागद तिनेच ठेवला, लाकडी चमच्याच्या पाठीने तिनेच घासला. नाबोर हात मागे बांधून उभा होता.

तिने कागदाचा कोपरा उचलला.

चेहरा होता. डोळे, ओठ, भुवईवरचा व्रण, सगळं जागच्या जागी. फक्त त्यावर आता तागाची वीण उमटली होती, उभी-आडवी, बारीक.

नाबोरने छातीवर क्रूसाची खूण केली. "मी यात नाही, पोरी," तो हळूच म्हणाला.

त्याची भीती खरी होती. पण भीती खबऱ्यालाही वाटते.

तिने ठसा शेगडीत घातला, सगळे नमुने घातले आणि राख होईपर्यंत ती हलली नाही. मग नाबोरकडून किल्ली मागून घेतली.

घरी पोचली तेव्हा फिदेन्सिओ मक्याच्या टॉर्टियाबरोबर काळ्या घेवड्याची उसळ खात बसला होता. गल्लीत ट्रक नव्हता. तिने दाराला कडी घातली, त्याच्यासमोर बसली आणि त्याचा चेहरा निरखला. नुकतीच दाढी केलेला, स्वच्छ चेहरा.

"जाळलं ते चित्र," ती म्हणाली.

"बरं केलंस." त्याने घास तोंडाशी नेला आणि थांबला. "उसळीला गोणपाटाचा वास का येतोय?"

"येत नाही."

"मग माझ्याच नाकात बसलाय. दुपारपासून." डोळे चोळत तो खिडकीकडे वळला. समोरच्या भिंतीवर अजून लख्ख ऊन होतं. "आणि सगळं चाळणीतून बघितल्यासारखं दिसतंय. ताई, जरा दिवा लाव ना."